खोडलेला परिच्छेद

९ मे १९३१ रोजी 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकात एक छोटंसं पत्र छापून आलं. जेमतेम साडेचारशे शब्दांचं. त्यात म्हटलं होतं की, विश्वाला आरंभ असू शकतो आणि तो भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडताही येतो. सगळे तारे, सगळ्या दीर्घिका, ज्यात आपण राहतो ते अवकाश आणि आपण मोजतो तो काळ, हे सारं एकाच अणूतून, एकाच अखंड पुंजातून फुटून निघालं असावं. पत्राखाली नाव होतं जॉर्ज लमेत्र. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठातले प्राध्यापक, आणि चर्चची दीक्षा घेतलेले धर्मगुरू.

या पत्राचा टंकलिखित मसुदा अजून जपलेला आहे. त्यात शेवटी आणखी एक परिच्छेद आहे. परमेश्वर स्वभावतःच दडलेला आहे आणि आजचं भौतिकशास्त्र सृष्टीच्या निर्मितीवर एक पडदा धरतं, याचा श्रद्धावंताला आनंदच वाटावा, अशा आशयाचा. त्या परिच्छेदावर काट मारलेली आहे. छापील पत्रात तो नाही.

ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञानाने सांगितलेली सृष्टीची कथा यांचा मेळ बसतो का, या प्रश्नावर शेकडो वर्षं लिहिलं गेलं आहे. मला विचाराल तर सुरुवात लमेत्र यांच्यापासून करावी. विश्वाला आरंभ आहे हे सिद्ध झालं तर ज्यांच्या धर्माला सर्वांत जास्त आनंद होणार होता, त्यांनीच तो आरंभ शोधला, आणि त्यांनीच त्याचा धर्मासाठी पुरावा म्हणून वापर करायला नकार दिला. असं का केलं, हे उलगडत गेलं की विश्वही थोडं कळतं आणि श्रद्धा कशाला म्हणतात तेही.

लमेत्र यांचा जन्म १८९४ सालचा, शार्लरुआ या कोळसाखाणींच्या गावचा. जेझुइट संघाच्या शाळेत शिकून ते इंजिनिअरिंगला गेले. १९१४ साली जर्मन फौजा बेल्जियममध्ये घुसल्या तेव्हा वीस वर्षांचा हा मुलगा स्वतःहून सैन्यात भरती झाला. यझर नदीकाठच्या खंदकांत लढला, पुढे तोफखान्यात गेला, त्याला शौर्यपदक मिळालं. युद्ध संपल्यावर त्यांनी इंजिनिअरिंग सोडून गणित आणि भौतिकशास्त्र धरलं, १९२० मध्ये डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत, दाखल झाले. धर्मशास्त्र शिकता शिकता आइन्स्टाइन यांचा सापेक्षता सिद्धान्त त्यांनी आपला आपण अभ्यासला. १९२३ मध्ये ते फादर झाले.

सेमिनरीतल्या त्या काळात, १९२१ च्या सुमारास, त्यांनी एक टिपण लिहिलं होतं. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, 'उत्पत्ती'मध्ये, परमेश्वर जे पहिले शब्द उच्चारतो त्यांचा अर्थ प्रकाशाच्या भौतिकशास्त्रातून लावण्याचा तो प्रयत्न होता. ते टिपण प्रसिद्ध झालं नाही आणि लमेत्र पुन्हा त्या वाटेने गेले नाहीत. ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते मला. वचन आणि समीकरण एकमेकांना चिकटवण्याचा मोह त्यांना माहीत होता. ते त्या वाटेने थोडं चालून मागे फिरले होते.

दीक्षेनंतर ते केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांच्याकडे गेले, मग अमेरिकेत हार्वर्डच्या वेधशाळेत. खगोलशास्त्रात तेव्हा मोठी उलथापालथ चालली होती. आकाशातले काही धूसर ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे एडविन हबल यांनी नुकतंच दाखवलं होतं. त्यांतल्या बहुतेकींचा प्रकाश लाल रंगाकडे सरकलेला दिसतो, हे व्हेस्टो स्लायफर १९१२ पासून ॲरिझोनातल्या वेधशाळेत मोजत आले होते. प्रकाश लाल बाजूला सरकला म्हणजे त्याच्या लहरी ताणल्या गेल्या. कशाने?

याचं उत्तर लमेत्र यांनी १९२७ साली दिलं. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांत अवकाश ही निश्चल पोकळी नाही. त्यात किती वस्तुमान-ऊर्जा आहे त्याप्रमाणे ते वाकतं, आकसतं, पसरतं. खुद्द आइन्स्टाइन यांना ते मानवलं नव्हतं. विश्व स्थिर राहावं म्हणून १९१७ मध्ये त्यांनी समीकरणात एक जादा पद घातलं होतं. रशियात अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्येच पसरणाऱ्या विश्वाचं गणित मांडलं होतं, पण लमेत्र यांना त्याची खबर नव्हती. शिवाय फ्रीडमन यांचं काम होतं निव्वळ गणिताचं. लमेत्र यांनी ४२ दीर्घिकांचे वेग आणि अंतरं हाताशी घेतली आणि म्हटलं, दीर्घिका अवकाशातून पळत नाहीत, मधलं अवकाशच वाढतं आहे. प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं जातं, म्हणून लहरही ताणली जाते. जी दीर्घिका दुप्पट लांब, तिच्या आणि आपल्यामध्ये वाढणारं अवकाश दुप्पट, म्हणून ती दुप्पट वेगाने दुरावताना दिसते.

इथे क्षणभर थांबावं. यात कुठेही मध्य नाही. पुण्यात उभं राहून पाहा किंवा देवयानी दीर्घिकेपलीकडच्या एखाद्या ग्रहावरून, सगळं आपल्यापासून लांब जाताना दिसणार. स्फोट आकाशातल्या एका ठिकाणी झाला आणि तुकडे उडाले, असं जे चित्र आपल्या डोक्यात बसलेलं असतं ते साफ चुकीचं आहे. आरंभ 'तिथे' कुठे झालेला नाही. प्रत्येक ठिकाण, तुम्ही बसला आहात तेसुद्धा, त्या आरंभाचंच ठिकाण आहे.

लमेत्र यांनी हा लेख फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका संस्थेच्या नियतकालिकात छापला. फार कुणी वाचला नाही. त्याच वर्षी ब्रुसेल्सला भौतिकशास्त्रज्ञांची सॉल्व्हे परिषद भरली तेव्हा त्यांनी आइन्स्टाइन यांना गाठलं. आइन्स्टाइन म्हणाले, तुमचं गणित बरोबर आहे, पण तुमचं भौतिकशास्त्र भयंकर आहे. दोन वर्षांनी, लांबची दीर्घिका अधिक वेगाने दुरावते हेच दाखवणारी हबल यांची निरीक्षणं आली आणि वारं फिरलं. १९३१ मध्ये त्या लेखाचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं गेलं, पण विस्ताराचा दर काढणारा नेमका भाग त्यात नव्हता. पुढे अनेकांना वाटत राहिलं की कुणीतरी हबल यांच्या श्रेयासाठी तो गाळला. २०११ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मारिओ लिव्हिओ यांनी जुना पत्रव्यवहार शोधून दाखवलं की भाषांतर लमेत्र यांनी स्वतः केलं होतं आणि तो भाग, आता नवी आकडेवारी आली आहे, जुनी कशाला, म्हणून त्यांनीच गाळला होता. खोडण्याच्या बाबतीत हा माणूस उदार होता.

विश्व पसरतं आहे तर मागे जाता जाता ते लहान होत जाणार, हे उघड आहे. पण किती मागे? लमेत्र यांचे गुरू एडिंग्टन यांना विश्वाला अचानक आरंभ असणं ही कल्पनाच अप्रिय होती, आणि तसं त्यांनी जाहीरपणे म्हटलं. त्यालाच उत्तर म्हणून लमेत्र यांनी ते छोटं पत्र लिहिलं.

त्यातला विचार आजही वाचताना अंगावर काटा येतो. ऊर्जा पुंजांच्या, म्हणजे सुट्या सुट्या गाठोड्यांच्या, रूपात असते. एकूण ऊर्जा तेवढीच राहिली तरी काळ जातो तशी पुंजांची संख्या वाढते. एका मोठ्या पुंजाचे अनेक लहान होत जातात. मग काळात मागे गेलो तर पुंज कमी होत जाणार, आणि शेवटी सगळी ऊर्जा मोजक्याच, कदाचित एकाच पुंजात सामावलेली असणार. आता, अंतर म्हणजे दोन वस्तूंमधलं काहीतरी. अवधी म्हणजे दोन घटनांमधलं काहीतरी. एकच पुंज असेल तर अंतर कशापासून मोजायचं? 'कुठे' आणि 'केव्हा' हे प्रश्नच तिथे उभे राहत नाहीत. तो पुंज फुटला, एकाचे अनेक झाले, तेव्हाच अवकाश आणि काळ या शब्दांना अर्थ आला. आणि पुंजांच्या जगात सगळं आधीपासून ठरलेलं नसतं, म्हणून विश्वाची पुढची सगळी हकीकत त्या पहिल्या अणूत लिहून ठेवलेली असण्याचं कारण नाही. त्याच आरंभातून वेगळं विश्वही निघू शकलं असतं.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी म्हटलं होतं की जग काळात निर्माण झालेलं नाही, काळ जगाबरोबर निर्माण झाला. त्याआधी देव काय करत होता हे विचारण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा 'आधी' नव्हतं. लमेत्र हे जाणत असणारच. तरी पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि जो परिच्छेद देवाकडे वळत होता तो त्यांनी खोडला. ते पत्र भौतिकशास्त्रज्ञांना लिहिलेलं होतं. ते खरं की खोटं हे दुर्बिणींनी ठरवायचं होतं.

आणि दुर्बिणी लमेत्र यांच्या बाजूने लगेच बोलल्या नाहीत. त्या काळी मोजलेला विस्ताराचा दर फारच मोठा होता, आजच्या मानाने सातआठ पट. त्या हिशेबाने विश्वाचं वय दोन अब्ज वर्षांहूनही कमी निघत होतं, म्हणजे पृथ्वीच्या खडकांपेक्षा विश्व लहान! ही अडचण मोठीच होती. १९४८ मध्ये केंब्रिजला फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी वेगळी वाट काढली. विश्व पसरतं खरं, पण मधल्या जागेत नवं द्रव्य सावकाश निर्माण होत राहतं, त्यामुळे विश्व नेहमी होतं तसंच असतं. आरंभ नाही, अंत नाही. हा स्थिर-स्थिती सिद्धान्त. १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर बोलताना हॉयल यांनी लमेत्र यांच्या कल्पनेला 'बिग बँग', म्हणजे महास्फोट, म्हटलं आणि ते नाव चिकटलं. हॉयल नास्तिक होते. विश्वाला आरंभ असण्याच्या कल्पनेला 'उत्पत्ती'चा वास येतो, असं त्यांना वाटे.

इथे मराठी वाचकाच्या ओळखीचं नाव येतं. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला याच हॉयल यांचे विद्यार्थी. १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या हॉयल-नारळीकर सिद्धान्ताची जगभर चर्चा झाली. पुढे भारतात परतून, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारूनही नारळीकर महास्फोटाबद्दल शेवटपर्यंत साशंक राहिले. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी स्थिर-स्थितीचं सुधारलेलं रूपही मांडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते मान्य केलं नाही. पण एखादी कल्पना सगळ्यांना पटली म्हणून ती तपासायची थांबवू नये, हा त्यांचा आग्रह मला मोलाचा वाटतो. लमेत्र आणि नारळीकर विरुद्ध बाजूंना होते, पण एका गोष्टीत दोघांचा नियम सारखाच होता: विश्वाला आरंभ आहे की नाही हे निरीक्षणांनी ठरेल, कुणाच्या श्रद्धेने वा अश्रद्धेने नाही. मराठी साहित्याच्या दरबारात एक सुंदर योगही जुळला. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ज्यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणलं. आणि लगेच पुढच्या, २०२१ च्या नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष जयंत नारळीकर.

मूळ गोष्टीकडे येतो. हॉयल यांच्या बाजूला जोर असतानाच्या त्या दिवसांत, २२ नोव्हेंबर १९५१ रोजी, पोप पायस बारावे यांनी रोममध्ये पोपच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केलं. विज्ञानाची त्यांना मनापासून गोडी होती. विश्व पसरतं आहे, त्याला वय आहे, हे सांगून ते म्हणाले की आजचं विज्ञान जणू त्या आदिम 'प्रकाश होवो'चं साक्षीदार झालं आहे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली.

लमेत्र अस्वस्थ झाले. ते अकादमीचे सदस्य होते आणि ज्या सिद्धान्ताचा आधार पोपनी घेतला तो त्यांचाच होता. दुसऱ्या कुणाला हा आयुष्यातला सर्वोच्च सन्मान वाटला असता. त्यांनी व्हॅटिकनच्या वेधशाळेचे संचालक फादर डॅनिएल ओकॉनेल यांच्याशी बोलणं केलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये रोमला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले. त्यांच्यापुढे बोलताना पोपनी विश्वाची थोरवी सांगितली, पण महास्फोट आणि बायबल यांची सांगड पुन्हा घातली नाही. १९५८ मध्ये लमेत्र यांनी सॉल्व्हे परिषदेत स्पष्टच सांगितलं: माझा सिद्धान्त धर्म आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेर आहे, नास्तिकालाही तो मोकळेपणाने मानता येईल, आणि श्रद्धावंतालाही त्यामुळे देवाशी सलगी करण्याची मुभा मिळत नाही.

याची दोन कारणं दिसतात. पहिलं सरळ आहे. सिद्धान्त बदलतात. श्रद्धा आजच्या समीकरणाला बांधली तर उद्या समीकरणाबरोबर तीही पडेल. १९८१ मध्ये व्हॅटिकनमध्येच भरलेल्या परिषदेत स्टीफन हॉकिंग यांनी असं विश्व मांडलं की ज्यात काळाला पहिलं टोकच नाही. ज्यांनी देवाला शून्य सेकंदावर बसवलं होतं त्यांची तेव्हा पंचाईत झाली असती. महास्फोटाआधी काही होतं का, यावर आजही भौतिकशास्त्रज्ञ वेगवेगळ्या कल्पना मांडतात.

दुसरं कारण अधिक खोल आहे आणि ते ख्रिस्ती परंपरेच्या आतलं आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी एक धाडसी गोष्ट मांडली. जगाला आरंभ होता हे बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असं ते म्हणाले. जग अनादि असतं तरीही ते देवाने निर्मिलेलंच असतं. कारण निर्मिती म्हणजे फार पूर्वी कधीतरी घडलेली पहिली घटना नव्हे. निर्मिती म्हणजे या क्षणी जे जे आहे ते आपल्या बळावर नाही, हे नातं. गवंडी निघून गेला तरी घर उभं राहतं. गाणारा थांबला की गाणं मात्र राहत नाही. अक्वायनस यांच्या लेखी जगाचं देवाशी असलेलं नातं गाण्याचं आहे. भौतिकशास्त्र एका स्थितीतून दुसरी स्थिती कशी आली ते सांगतं. ते ज्याला पोकळी म्हणतं तिच्यातही ऊर्जा असते, नियम असतात. मुळात काहीही का असावं, नियम तरी का असावेत, हा प्रश्न कुठल्याही दुर्बिणीच्या टप्प्यात येत नाही. श्रद्धा त्या प्रश्नाचं उत्तर देते, किंवा देऊ पाहते. म्हणून दोघांत टक्कर होण्याचं कारण नाही, आणि एकाने दुसऱ्याची साक्ष काढण्याचंही कारण नाही.

मग बायबलमधल्या सहा दिवसांचं काय? ही अडचण विज्ञानाने उभी केली, असं समजणं चूक आहे. 'उत्पत्ती'च्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने विचारलं होतं की सूर्यच नव्हता तर पहिले तीन दिवस, त्यांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली असेल? ऑगस्टीन यांनीही हे दिवस आपल्या दिवसांसारखे मानले नाहीत. देवाने सृष्टीत बीजं पेरली आणि ती काळाच्या ओघात उमलली, असा त्यांचा विचार होता. ख्रिस्ती माणसाने आकाशाबद्दल, ताऱ्यांबद्दल बायबलच्या नावाने अज्ञानाचं काहीतरी बोलू नये, जाणकार हसतात आणि मग बाकीचंही ऐकत नाहीत, अशी ताकीदच त्यांनी देऊन ठेवली आहे. शिवाय दुसऱ्या अध्यायात सृष्टीची कथा पुन्हा येते आणि तिथे क्रम निराळा आहे. पहिल्यात प्राणी आधी आणि माणूस शेवटी, दुसऱ्यात माणूस आधी. ज्यांनी या दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या त्यांना हे दिसत नव्हतं थोडंच! त्यांना घटनांचं वेळापत्रक लिहायचं नव्हतं. भोवतालचे लोक सूर्यचंद्राला देव मानून पूजत होते, आणि पहिला अध्याय त्यांची नावंही न घेता त्यांना नुसत्या मोठ्या आणि लहान ज्योती म्हणतो. तो भक्तीचा आणि वादाचा मजकूर आहे.

ही जुनी समज चर्चने नेहमी पाळली असं नाही, आणि ते लपवू नये. १६१६ हे साल बघा. गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' त्या साली छापून झालं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, आणि त्यांची सुरुवात सृष्टीच्या निर्मितीपासून. एका इंग्रज जेझुइटाने संतांच्या मराठीत बायबलची कथा गायली, हे केवढं मोठं मन! आणि त्याच वर्षी मार्चमध्ये रोमने कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी घातली, कारण पृथ्वी फिरते हे बायबलशी जुळत नाही असं ठरवलं गेलं. पृथ्वी फिरते असं मांडल्याबद्दल १६३३ मध्ये गॅलिलिओंना शिक्षा झाली. चूक झाल्याची पोप जॉन पॉल दुसरे यांची जाहीर कबुली यायला १९९२ साल उजाडलं.

काही ठिकाणी मेळ बसतच नाही, हेही स्वच्छ म्हटलं पाहिजे. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये बायबलमधल्या वंशावळ्यांवरून हिशेब करून जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असं काढलं. त्यांच्या काळी तो प्रामाणिक अभ्यास होता. पण आज, विशेषतः अमेरिकेत, अनेक ख्रिस्ती मंडळी पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असं शिकवतात, आणि त्याला विज्ञान म्हणवतात. अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या देवयानी दीर्घिकेचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे २५ लाख वर्षं लागतात. सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्हातून झाला तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. सृष्टी आहे त्याहून जुनी भासावी म्हणून देवाने हे सगळं रचलं, असं म्हणावं तर देवाला फसवणारा ठरवावं लागतं. या अर्थाच्या श्रद्धेचा विज्ञानाशी मेळ बसत नाही, बसवूही नये. आणि माझ्या समजुतीप्रमाणे ऑगस्टीन यांच्या परंपरेशीही ती नीट बसत नाही.

उत्क्रांतीचा प्रश्न विश्वारंभापेक्षा अवघड आहे. काळ किती लागला याची अडचण फारशी नाही. अमेरिकेत डार्विनचा सर्वांत भक्कम पाठीराखा, वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे, श्रद्धाळू प्रेस्बिटेरियन होता. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९६ मध्ये उत्क्रांती ही आता नुसती अटकळ राहिलेली नाही असं सांगितलं. खरा काटा वेदनेचा आहे. काही गांधीलमाश्या जिवंत सुरवंटाच्या शरीरात अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या त्याला आतून खातात. दयाळू देवाने हे मुद्दाम योजलं असेल हे मला पटत नाही, असं डार्विनने १८६० मध्ये ग्रे यांनाच पत्रात लिहिलं. कोट्यवधी वर्षांच्या या यातनेला श्रद्धेकडे सोपं उत्तर नाही. निरपराध माणसाच्या दुःखाची कथा सांगणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकापासून हा प्रश्न बायबलमध्येच उघडा पडलेला आहे. विज्ञानाने तो निर्माण केला नाही. त्याची व्याप्ती मात्र आपल्या कल्पनेपलीकडे वाढवली.

आणि महास्फोट? त्याचा निकाल १९६५ साली लागला. न्यू जर्सीत आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांच्या रेडिओ अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच एक खरखर येत होती. कबुतरांची विष्ठा साफ केली तरी ती जाईना. ती विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश होता, पसरत्या अवकाशाबरोबर ताणला जाऊन आता उणे २७० अंश सेल्सिअसपर्यंत थंडावलेला. आजही अवकाशाच्या प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये त्याचे सुमारे ४०० कण असतात. एवढ्याशा जागेत, बोटाच्या एका पेराएवढ्या. आदिम अणूचे अवशेष म्हणजे वैश्विक किरण, असा लमेत्र यांचा अंदाज होता, तो चुकला. पण अवशेष असणार हे बरोबर निघालं. आइन्स्टाइन यांनी टाकून दिलेलं ते जादा पद लमेत्र यांनी मात्र सोडलं नव्हतं, पोकळीची ऊर्जा म्हणून त्याचा अर्थ लावला होता. १९९८ मध्ये विश्वाच्या विस्ताराचा वेग वाढतो आहे असं दिसलं तेव्हा ते पद सन्मानाने परत आलं. आज विश्वाचं वय सुमारे १३.८ अब्ज वर्षं धरलं जातं आणि खडकांशी त्याचं भांडण उरलेलं नाही.

जून १९६६ मध्ये लमेत्र रुग्णालयात असताना त्यांचे सहकारी ओडाँ गोदार यांनी त्यांना पेन्झियस आणि विल्सन यांच्या शोधाची बातमी दिली. २० जून रोजी ते गेले. १९६० पासून अखेरपर्यंत ते पोपच्या विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सदस्यांनी मतदान करून हबलच्या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावं अशी शिफारस केली. ७८ टक्के मतं बाजूने पडली. तेव्हा मुलांना पसरणाऱ्या विश्वाबद्दल शिकवाल, घरी किंवा वर्गात, तर हे दुसरं नावही सांगा. ते धर्मगुरू होते हेही सांगा, आणि आपल्या सिद्धान्ताने देव सिद्ध होतो असं त्यांनी कधी म्हटलं नाही, हेही.